पाच वक्ते, ६० मिनिटं आणि हाती शून्य

आज पुन्हा तेच. पत्रकारांच्या परिषदेसाठीचा एक सत्र-प्रस्ताव वाचनात आला. शीर्षक, 'बदलती पत्रकारिता : आव्हाने आणि संधी'. खाली पाच वजनदार नावं. आणि त्याखाली, 'वक्त्यांची संमती अपेक्षित'. म्हणजे विचारलेलंच नाही कुणाला!

अहो, निदान हिशेब तरी करा. सत्र ६० मिनिटांचं. लोक स्थिरावून ओळखी होईपर्यंत ८ मिनिटं गेली. प्रश्नोत्तरांना १५. उरली ३७. पाच जणांना जेमतेम सात-सात येतात. पहिले ज्येष्ठ पंधरा घेणार, त्यांना थांबवायची कुणाची टाप आहे? आणि जिनं प्रत्यक्ष काम केलंय ती शेवटी बसलेली, तिच्या हातात 'थोडक्यात आटपा'ची चिठ्ठी. दोन वक्ते आणि एक खमका सूत्रसंचालक पुरे. तिघे म्हणजे कमाल.

मान्य, मोठ्या नावांनी सभागृह भरतं. त्यासाठी उद्घाटनाचं भाषण असतं ना.

निवड समितीपुढे प्रस्तावांचा ढीग असतो. शीर्षक आणि पहिली दोन वाक्यं, एवढ्यावर तुमचं नशीब. काही ठिकाणी पहिल्या फेरीत नावं झाकून वाचतात. आजच्या प्रस्तावातली ती पाच नावं झाका बरं. काय उरतं? 'विचारमंथन'.

आता निविदांचं उदाहरण घ्या. 'भ्रष्टाचार कसा उघड करावा' असं लिहिलंत की संपलं. त्याऐवजी लिहा, 'तीन निविदा, एकच संगणक : पीडीएफमधून ठेकेदारांचं संगनमत कसं हुडकायचं'. वर्णनात सरळ सांगा की येणाऱ्याला आम्ही खऱ्या निविदांच्या फायली देऊ. तो फाइलचे गुणधर्म उघडून 'ऑथर'चं, म्हणजे फाइल बनवणाऱ्याचं, नाव आणि बनवल्याची वेळ बघेल, तिन्ही कंपन्यांचे पत्ते-फोन एका तक्त्यात टाकेल, आणि जुळणारे नंबर शोधेल. कसं चुकतं तेही लिहा. स्कॅन केलेल्या फाइलमध्ये बऱ्याचदा नुसतं स्कॅनरचं नाव निघतं. तिघांचे कागद एकाच सल्लागारानं भरून दिले असतील तरी 'ऑथर' एकच दिसतो, म्हणजे तो धागा झाला, पुरावा नव्हे. असं एक वाक्य वाचलं की समितीला कळतं, या माणसाचे हात मळलेत.

कार्यशाळा असेल तर मिनिटांचा आराखडा जोडाच. १० मिनिटं दाखवणं, ३० मिनिटं लोकांनी स्वतः करणं, १० मिनिटं अडलेल्यांसाठी, १० प्रश्नांना. नवं सॉफ्टवेअर तिथे बसून उतरवायला सांगू नका. चाळीस जण एकदम डाउनलोड करायला लागले की परिषदेचं वायफाय मान टाकतं, वीस मिनिटं 'झालं का?' विचारण्यात जातात. सरावाची फाइल छोटी करा, आदल्या दिवशी पाठवा, दोन-तीन पेनड्राइव्हवरही ठेवा. लॅपटॉप लागेल का, एक्सेल किती यायला हवं, हेही वर्णनातच सांगा. शेवटी हातात एक पानाची टिपणं. आणि सूत्र उघडं पडेल अशी कागदपत्रं सरावाला द्यायची नाहीत, कितीही मोह झाला तरी.

परिषद कुठली तेही बघा जरा. अमेरिकेतल्या आयआरई या शोधपत्रकारांच्या संघटनेच्या नायकार परिषदेत लोक संगणकापुढे बसून विदा (डेटा) हाताळायला शिकतात. इटलीत पेरूजाचा पत्रकारिता महोत्सव सगळ्यांना मोफत खुला, तिथे पत्रकार नसलेलेही समोर असतात. दोन्हीकडे एकच मजकूर चिकटवून कसं चालेल? पण नाही, आजचा तो प्रस्ताव चार ठिकाणी फिरून आला असणार, वासच येतो.

असो. चिडून काय होणार.

खरी खंत वेगळीच आहे. छोट्या पेपरातली, निविदांच्या फायली हातानं लावून बसणारी पोरं-पोरी प्रस्ताव पाठवतच नाहीत. 'आमच्याकडे सांगण्यासारखं काय आहे' म्हणतात. अरे बाळांनो, तुमच्याकडेच आहे! तुम्ही कुठला अर्ज केला, नकार आल्यावर कुठल्या दुसऱ्या दारानं गेलात, बातमी छापण्याआधी समोरच्याला कुठले प्रश्न लेखी पाठवलेत, हेच ऐकायला लोक येतात. पूर्ण सत्राची भीती वाटत असेल तर पाच मिनिटांच्या झटपट सादरीकरणासाठी अर्ज करा, जिथे ती सोय असेल तिथे. एक बातमी, एक युक्ती, एक फसलेली पायरी, बास. परदेशातल्या परिषदेला पाठवत असाल तर प्रवासखर्च कोण देणार ते अर्जाआधीच विचारा, बोलावणं आल्यावर नव्हे.

कुणाकडे असा मसुदा असेल तर इनबॉक्समध्ये टाका, वाचून खुणा करून देईन. १५० शब्दांत बसवा. शीर्षकात 'आव्हाने' दिसलं तर न उघडता परत.