गानव्हिएची पोरं चालतात, आत्या

काल आत्याने फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला. पाण्यात खांबांवरची घरं, होड्या, आणि खाली मजकूर: "आफ्रिकेचं व्हेनिस, युनेस्कोचा जागतिक वारसा! इथली माणसं जमिनीवर पाय ठेवत नाहीत, मुलांना चालता येत नाही. तलावाचंच पाणी पितात, म्हणून आजार नाहीत. गोरे गुलाम पकडायला येत म्हणून पाण्यात गेले. शत्रूच्या धर्मात पाण्यावर हल्ला निषिद्ध होता." त्यावर काकांचे हात जोडलेले.

गाव खरं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशातलं गानव्हिए, कोटोनू शहराच्या उत्तरेला, नोकुए सरोवरात, लोक तोफिनू.

आधी पाण्याचं बोलू, कारण ते वाचून उद्या कुणी इथेही नदीचं पाणी 'नैसर्गिक' म्हणून प्यायचं. 1885 साली फ्रेंचांनी कोटोनूला कालवा खणून सरोवर समुद्राला जोडलं. नद्यांना पूर आला की पाणी गोडं, एरवी मचूळ. त्यात हजारोंच्या वस्तीचा मैला घराखालीच पडतो. हे प्यायचं? प्यायचं पाणी बायका बोअरच्या नळावरून कॅन भरभरून होडीतून आणतात. आपल्याकडे टँकरपुढे असते तशीच रांग, फक्त होड्यांची.

चालण्याबद्दल काय बोलावं! त्याच व्हिडिओत मागे एक पोरगा फळ्यांवरून पळतोय, बघा की. तिथली मासेमारीच घ्या. उथळ चिखलात झाडाच्या फांद्या दाटीने रोवतात, त्यांच्या आडोशाला मासे जमतात, वाढतात, मग भोवती जाळं लावून धरतात. याला अकाजा म्हणतात. फांद्या कुजल्या की नव्या लागतात. त्या काय पाण्यात उगवतात? आणि मासळी विकायला काठावरच्या अबोमे-कालावी गावच्या धक्क्यावर उतरावंच लागतं.

वारसा: 1996पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे, एवढंच; वारसा म्हणून जाहीर नाही.

गुलामीचा भाग अर्धा खरा, मान्य. बेनिनचेच इतिहासकार एलिझे सुमोनी यांनी 2003च्या लेखात ही सरोवरातली गावं गुलामांच्या धाडींपासूनचा आसरा म्हणूनच मांडलीत. पण धाडी घालणारे शेजारचे होते, दाहोमे राज्याचे फॉन सैनिक. 1727 साली त्यांनी विदा बंदर घेतलं. गोरे तिथे बसून गुलाम विकत घेत. गिऱ्हाईक तेच, म्हणून दोषातून सुटका त्यांचीही नाही. निषिद्धाची गोष्ट गावातही सांगतात. मला त्याहून साधं कारण पटतं: फॉन आतल्या मुलखातले, होडीवरची लढाई त्यांना जमत नसे.

व्हेनिस म्हणा हवं तर. गावचे लोक मात्र नावाचा अर्थ सांगतात, 'आम्ही वाचलो'.