‘सेट’ नव्हे, आता ‘रन’
इंग्रजीत सर्वाधिक अर्थ असलेला शब्द कोणता, यावरच्या एका लेखात तो मान ‘सेट’ला (set) दिलाय. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीपुरतं ते बरोबर. तिथे त्याचे सुमारे ४३० अर्थ होते. पण पुढे याच कोशाचे एक संपादक पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ची (run) नोंद नव्याने लिहायला घेतली, नऊएक महिने त्यात खपले, आणि एकट्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले!

माझ्या मते हे सगळं यंत्रांनी वाढवून ठेवलंय. आधी माणूस नि घोडा पळायचा, मग गिरणी, आगगाडी, शेवटी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅमही ‘रन’ व्हायला लागला. पैसे काढायला ठेवीदारांची बँकेवर झुंबड उडाली तरी ‘रन’, स्टॉकिंगचा धागा उसवला तरी ‘रन’. मी दिवसभर ऑफिसात स्क्रिप्ट रन करतो नि घरी येऊन मॅचमधले रन मोजतो. लेखात क्रिकेटचं नावही नाही, हे मात्र कमालच.