‘द क्रो’ला शाप नव्हता, नळीत गोळी अडकली होती

एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. “‘द क्रो’ हा शापित सिनेमा आहे. ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन याला शूटिंगमध्ये मुद्दाम खरी गोळी भरून मारलं. बापाने आपल्या सिनेमात जे दाखवलं तेच मुलाच्या वाट्याला आलं. आणि तो मरतो तो शॉट सिनेमात तसाच आहे.” ‘द क्रो’ हा हॉलिवूडचा सूडपट. त्याचा नायक ब्रँडन ली सेटवर गोळी लागून गेला, एवढं खरं. बाकीच्याची झाडाझडती घेऊ.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करतो, कारण लोक तो शॉट शोधायला सिनेमा थांबवून थांबवून बघतात. तो शॉट सिनेमात नाही. त्या रात्री टिपलेली फिल्म नंतर नष्ट करण्यात आली आणि नायकाच्या खुनाचं दृश्य नव्याने रचलं. राहिलेल्या कामासाठी चॅड स्टाहेल्स्की (हाच पुढे ‘जॉन विक’चा दिग्दर्शक) डमी म्हणून उभा राहिला आणि काही ठिकाणी संगणकावर ब्रँडनचा चेहरा बसवला. एका जागी तर पावसात गल्लीतून चालणाऱ्या ब्रँडनचं आधीचं चित्रण उचलून ते घराच्या दारात जोडलंय. थांबवून बघायचंच असेल तर ते बघा.

आता ‘मुद्दाम’. जे झालं ते यापेक्षा फार साधं आहे आणि म्हणूनच जास्त चीड आणणारं. रिव्हॉल्व्हर समोरून जवळून दाखवायचं असेल तर काडतुसांची टोकं दिसतात, त्यामुळे आत खऱ्यासारखी डमी काडतुसं लागतात. तयार डमी आणण्याऐवजी खऱ्या काडतुसांतून गोळी उपटली, दारू ओतून टाकली आणि गोळी परत बसवली. पण बुडाचा प्रायमर, म्हणजे चाप ओढल्यावर ठिणगी देणारी ती इवलीशी टोपी, तसाच राहिला. कधीतरी त्यातल्या एका काडतुसावर चाप ओढला गेला. प्रायमर फुटला. दारू नव्हती, म्हणून गोळी बाहेर आली नाही. जेमतेम नळीत सरकली आणि तिथेच अडकली. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

नंतर खुनाच्या दृश्यासाठी त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरले. ब्लँकमध्ये गोळी नसते, पण दारू असते. नळीत डोकावून बघायला दोन मिनिटं लागली असती. ब्रँडन सामानाची पिशवी घेऊन दारातून आत आला, समोरच्या नटाने चाप ओढला आणि ब्लँकच्या धक्क्याने अडकलेली गोळी त्याच्या पोटात घुसली. ३१ मार्च १९९३, विल्मिंग्टन, नॉर्थ कॅरोलिना. वय २८. खुनाचा कट करणारा माणूस आधी एक गोळी नळीत अर्धवट अडकवून ठेवेल आणि पुढे कुणीच तपासणार नाही यावर भरवसा ठेवून बसेल, हे मला तरी पटत नाही.

बापाच्या सिनेमाचा मुद्दा अर्धा खरा आहे. ‘गेम ऑफ डेथ’मध्ये एका नटावर सेटवर खरी गोळी झाडली जाते, हे बरोबर. पण ब्रूस ली जुलै १९७३ मध्येच वारला. तो सिनेमा अर्धवट राहिला होता; इतरांनी नवी गोष्ट लिहून, त्याच्या जागी डमी उभे करून तो १९७८ मध्ये पडद्यावर आणला. गोळीचा प्रसंग त्या नव्या गोष्टीतला. म्हणजे बापाने भाकीत केलं म्हणायचं, तर मेल्यानंतर केलं! शिवाय त्या गोष्टीत गोळी मुद्दाम बदलली जाते. इथे कुणी काही बदललं नव्हतं. जे बदलायला हवं होतं तेसुद्धा नाही.

शापाबद्दल फार लिहीत नाही. मूळ कॉमिक जेम्स ओ’बार याने काढलं, कारण त्याच्या होणाऱ्या बायकोला दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने चिरडलं होतं. सूडाची ती चित्रं एका माणसाच्या दुःखातून आली. त्यात गूढ काय आहे?

फौजदारी खटला झाला नाही. सरकारी वकिलाला निष्काळजीपणा दिसला, गुन्हा नाही. कामगारांच्या सुरक्षेची देखरेख करणाऱ्या खात्याने निर्मिती कंपनीला ८४,००० डॉलर दंड केला. पुढे तोही ५५,००० वर आला. फिरणाऱ्या मजकुरात हा आकडा मला अजून एकदाही दिसलेला नाही.