गाडीचं वय नको, तब्येत बघा

डिचोलीच्या घरी सध्या एकच वाद पेटलाय. बाबांच्या २०११च्या वॅगन आरला यंदा पंधरा वर्षं भरतायत. नोंदणी वाढवायची की गाडी काढून टाकायची? मेहुण्याच्या डोक्यात दिल्ली आहे. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना जुलै २०२५मध्ये पंपावर इंधनच नाकारायचं ठरलं, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते थांबलं. "उद्या गोव्यातही येईल," म्हणतो.

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये निम्मा गोवा भेटतो, आणि यातले बरेच जण जुन्याच गाड्या चालवतात. इथे गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी एमओटी तपासणी सुरू होते. ब्रेक, टायर, गंज, धूर, सगळं बघतात. कुठल्याही गाडीचे आधीचे निकाल नंबर टाकून कोणालाही ऑनलाइन दिसतात. गोव्यात पीयूसीचा कागद सोडला, तर खाजगी गाडीकडे सरकार पहिल्यांदा बघतं ते पंधराव्या वर्षी, मग दर पाच वर्षांनी. म्हणजे जिथे जुन्या गाड्या निवांत फिरतात, तिथलाच नियम जास्त कडक! लंडनमध्ये जास्त धूर सोडणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड शुल्क आहे, पण २००६पासूनच्या बहुतेक पेट्रोल गाड्या त्यातून सुटतात.

पेट्रोलचंही तसंच. इथे २०२१मध्ये दहा टक्के इथेनॉल आलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं महागडं सुपर पेट्रोल मोठ्या पंपांवर ठेवलं. आपण वीस टक्क्यांवर गेलो आणि साधं पेट्रोल भरणाऱ्याला निवडच उरली नाही. बाबांची गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही. रबरी नळ्या आणि सील यांवर लक्ष ठेवायचं, एवढंच हातात.

तरी मी बाबांच्या बाजूने आहे. त्या गाडीचं बॉनेट उघडलं की काय कुठे आहे ते दिसतं, आणि फोंड्यातला कुठलाही मेस्त ती दुरुस्त करतो. माझ्या इथल्या नव्या गाडीच्या काचेवर खडा उडाला, तर काच बदलून भागलं नाही. काचेमागचा कॅमेरा पुन्हा जुळवायचं बिल वेगळं आलं. पंख्याचा वेग कमी करायला स्क्रीनवर दोनदा बोट लावावं लागतं, तेही गाडी चालवताना. आता गाड्यांची सुरक्षितता तपासणारी युरो एनकॅप ही संस्थासुद्धा वायपर, हॉर्न, इंडिकेटरला खरी बटणं आहेत का हे बघून गुण देते. बरं झालं. माझी ही नवी गाडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेली, तर बीप-बीप ऐकून माणूस उतरून चालू लागेल.

पण बाबांच्या गाडीत ना एअरबॅग, ना एबीएस. तिथे मेहुण्यापुढे माझं काही चालत नाही. म्हणून पाच हजार भरून नोंदणी वाढवा, पावसाळ्यानंतर खालचा गंज दरवर्षी बघून घ्या, आणि ती डिचोली-म्हापशापुरती ठेवा. पोरांना घेऊन हायवेने मुंबईला जायचं असेल, तर मेहुण्याचीच गाडी काढा.