पाचच्या आत नाही, तर कधीच नाही?

पालकांच्या गटांमध्ये एक निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. मजकूर साधारण असा: ‘मुलाचा ९० टक्के मेंदू पाच वर्षांत घडतो. मग शिकण्याची खिडकी कायमची बंद होते. तोवर बनलेला स्वभाव जन्मभर तसाच राहतो. म्हणून जे शिकवायचं ते आत्ताच शिकवा.’ यातलं एकही वाक्य निव्वळ थाप नाही. प्रत्येकात थोडं खरं आहे, आणि म्हणूनच ते खोडायला वेळ लागतो.

आधी ते ९० टक्के. आकडा ढोबळमानाने बरोबर आहे, पण तो आकारमानाचा आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास मेंदू प्रौढ मेंदूच्या जवळपास तेवढा मोठा होतो. आत मात्र काम चालूच असतं. पीटर हटनलॉकर यांनी १९७९ मध्ये वेगवेगळ्या वयांत मृत्यू पावलेल्या माणसांच्या मेंदूंमधल्या चेतापेशींच्या जोडण्या मोजल्या. कपाळामागच्या भागात त्यांची दाटी एक-दोन वर्षांच्या वयात प्रौढांच्या सुमारे दीडपट होती आणि सोळाव्या वर्षापर्यंत ती उतरत गेली होती. म्हणजे या काळातली घडण बरीचशी छाटणीने होते. आवेग आवरणं, पुढचा विचार करणं ही कामं पाहणारे भाग तर विशीतही पक्व होत असतात.

आता खिडकी. इथे निरोपवाल्यांच्या बाजूने भक्कम पुरावा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही महिने बंद ठेवला. पुढे तो उघडूनही त्या डोळ्याने नीट दिसेना. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तर काही बिघडत नव्हतं. (या दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं.) भाषेचंही तसंच. वर्कर आणि टीस यांच्या १९८४ च्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’मधला फरक कळत होता, वर्षाची होईपर्यंत तो बहुतेकांना कळेनासा झाला. ‘ट’ आणि ‘त’ सारखे वाटू शकतात, हेच आपल्याला अजब वाटतं!

पण अशा खिडक्या कशाच्या आहेत ते पाहा: उजेड, कानावर पडणारं बोलणं, जवळ घेणारं माणूस. विल्यम ग्रीनो यांनी केलेला भेद इथे फार कामाचा आहे. काही अनुभव मेंदू गृहीतच धरून चालतो, कारण ते जवळजवळ प्रत्येक बाळाला मिळतात. बाकीचे ज्याच्या-त्याच्या आयुष्यात येतील तसे येतात आणि मेंदू त्यांतून कोणत्याही वयात शिकतो. वाचन, गणित, रस्ते पाठ करणं या दुसऱ्या गटातल्या गोष्टी. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवण्यासाठी हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. २०११ च्या अभ्यासात, ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रौढांच्या मेंदूत स्मरणाशी संबंधित भागाची मागची बाजू प्रशिक्षणानंतर वाढलेली दिसली.

पहिला गट खरोखरच हिरावला गेला तर काय होतं, हे १९८९ नंतर रोमानियाच्या अनाथाश्रमांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांत दिसलं. सहा महिन्यांच्या आत बाहेर पडलेली बहुतेक सावरली; त्याहून जास्त काळ तिथे काढलेल्यांपैकी अनेकांना मोठेपणीही त्रास राहिला. मात्र हा घोर उपेक्षेचा परिणाम आहे. फ्लॅशकार्ड न दाखवल्याचा नाही.

स्वभावाचं उत्तर छोटं आहे. २००६ मध्ये ९२ दीर्घकालीन अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा सर्वांत जास्त बदल २० ते ४० या वयात आढळला. माणसं सरासरीने जास्त जबाबदार आणि मनाने स्थिर होतात. लाजरा मुलगा एकदम सभा गाजवू लागेल असं नाही, पण ‘तसाच राहतो’ हेही खरं नाही.

उरलं ‘आत्ताच शिकवा’. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बाळांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशी ओझी घेऊन वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं छान निभावली. विशीच्या उंबरठ्यावर वाया गेल्यासारखे दिसणारेही पुष्कळ जण तिशी-चाळिशीत मार्गी लागले. त्यांना उपयोगी पडलं ते असं: पुन्हा सुरू केलेलं शिक्षण, सैन्यातली नोकरी, समजूतदार जोडीदार. यातलं काय पाचव्या वर्षाच्या आत उरकता आलं असतं?