छोट्या हत्तीला मोठं काळीज

दिवे घाट चढताना दुधाचा टेम्पोसुद्धा तुमच्या छोट्या हत्तीला, म्हणजे टाटा एसला, मागे टाकतो, हे भावकीत कुणाला कळलेलं नाही, अशा भ्रमात राहू नका. दोष तुमचा नाही. 2005 साली टाटांनी ही गाडी काढली ती 702 सीसीचं, दोन सिलिंडरचं, 16 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन घालून. इंजिनिअर माणसं हिशेबी. पाऊण टन मालाला एवढं पुरे, असं त्यांनी ठरवलं. तुम्ही दीड टन सीताफळं भरता, हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

तेव्हा इंजिन बदलाच. भंगारातून बोलेरो पिकअपचं 2523 सीसीचं, चार सिलिंडरचं धूड उचला. बसेल का, हे फिटरला विचारण्यात अर्थ नाही. ‘बसवू की शेठ’ याखेरीज दुसरं उत्तर त्याला येत नाही. हत्तीचं इंजिन सीटखाली असतं. नवं तिथं मावणार नाही, म्हणून सीट उचलावी लागेल. सीट उचलली की डोकं टपाला लागेल. मान वाकडी करून चालवायची सवय महिनाभरात होते. वजनानं पुढचे स्प्रिंगचे पाटे बसतील, जादा पाटा घाला. जुना गिअरबॉक्स पहिल्याच चढाला दात सांडेल, तोही बोलेरोचाच आणा. मग शाफ्ट, मग मागचं हाउसिंग, मग रेडिएटर, मग चाकं. असं करत दारात अख्खी बोलेरो जमेल. हौदा तेवढा हत्तीचा.

ब्रेक मात्र जुनेच असू द्या. तोवर पैसे संपलेले असतात.

कागदपत्रांचा बाऊ नको. आरसी बुकात इंजिन नंबर असतो खरा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा फेरफाराला आडवं येतं, आणि प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. पण नंबरावर ग्रीसचा जाड थर द्या. तो पुसायला विम्याचा सर्व्हेअर फडकं घेऊन येतो, पण अपघातानंतर.

एक राहिलंच. दिवे घाटाच्या वर सासवड, खाली पुणे. तुमची भरलेली गाडी घाट उतरते. चढताना हौद्यात नुसते रिकामे क्रेट असतात. तेवढ्याला 702 सीसी पुरत होतं, हे आता फिटरजवळ काढू नका. जुनं इंजिन त्यानं कधीच विकलंय.