कार्पेट की बिल्टअप?

जुन्या ठाण्यात एखाद्या घराकडे मान वर करून थोडा वेळ पाहत राहिलं, की वरून प्रश्न येतो: "कोणत्या बिल्डरकडून आलात?" मला परवा खारकर आळीत आला. वरच्या मजल्यावर लाकडी कठड्याला कोपर टेकून बनियनमधले एक आजोबा उभे होते. कठडा देखणा होता, मी तेवढाच पाहत होतो.

"कुणाकडून नाही, आजोबा. घर बघतोय."

"घरच बघतात सगळे. कार्पेट, भिंतींच्या आतली जागा, किती देणार ते बोला. जिना-लॉबीही मोजणाऱ्या सुपर बिल्टअपची भाषा काढलीत तर मी खाली येईन."

"तसं नाही हो. जुनं बांधकाम आहे ना, म्हणून..."

"जुनं आहे हे तुम्ही आम्हाला सांगणार? पावसाळ्यात बादल्या आम्ही लावतो!"

"मी फिरायला आलोय. जुनं ठाणं बघायला."

"मागचाही हेच म्हणाला होता. चार फोटो काढून गेला, आणि आठवड्यात दोघं टेप घेऊन जिन्यात हजर."

एवढ्यात आतून आजींचा आवाज आला, "अहो, पार्किंगचं विचारा."

"आपल्याकडे गाडी कुठाय?"

"नसू दे. विचारा!"

तळमजल्यावरच्या काकूंनी दार उघडून, घर पाडून नवं होईपर्यंतचं भाडं अकरा महिन्यांचं आगाऊ आणि एकरकमी हवं, ही अट नोंदवली. शेजारच्या दुकानदाराने कॉर्पसचा, म्हणजे बिल्डर रहिवाशांना देतो त्या निधीचा, विषय काढला. समोरच्या गॅलरीतून कोणीतरी, रजिस्टर करार झाल्याशिवाय चावी द्यायची नाही, असं सर्वांना बजावलं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, तरी सगळे माझ्याशी कागद हातात असल्यासारखे बोलत होते. मी बिल्डरचा माणूस नाही, हे मी तीनदा सांगितलं. दर वेळी त्यांचा संशय पक्का होत गेला, कारण बिल्डरचा माणूस तरी दुसरं काय सांगणार?

शेवटी आजोबांनी वरूनच माझ्या बुटांकडे निरखून पाहिलं आणि आत तोंड करून म्हणाले, "अगं, राहू दे पार्किंग. याच्याकडून काही इमारत पूर्ण होत नाही."

संशय मी सोडून देईन, बूट नाही. ते चालायचे बूट आहेत, आणि जुन्या ठाण्यात चालायचं तर तसेच लागतात. फुटपाथ सुरू होतो, चार पावलांवर पानाची टपरी, मग उभी केलेली स्कूटर, मग खांब, मग फुटपाथच संपतो आणि माणूस बसच्या पुढ्यात उतरतो. त्यात तुम्ही मान वर करून काही पाहत असाल तर विचारायलाच नको.

तरीही यायचं असेल तर सकाळी आठच्या आत या. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला उतरून सॅटीसच्या, म्हणजे बसगाड्यांच्या उंच पुलाखालून थेट जांभळी नाक्याकडे निघा. या वेळी भाजीबाजाराच्या गर्दीत अजून वाट मिळते. बाजाराला लागूनच कौपिनेश्वराचं देऊळ आहे. पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६०मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. चपला आपल्या जबाबदारीवर काढा. समोर मासुंदा तलाव, आपली तलावपाळी. तिथून जवळच सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे, १६६३चं, म्हणजे शिवाजी महाराजांनी लाल महालात शाइस्ताखानाची बोटं छाटली त्या साली उभं राहिलेलं. टेंभी नाक्याजवळ १८७९चं शार हाशामाईम सिनेगॉग आहे. तिथे ओळखपत्र न्या, आत जायचं तर आधी विचारून घ्या, आणि शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार हा वेळ टाळा, तो त्यांच्या प्रार्थनेचा असतो.

या फेरीतलं सगळ्यात मोठं ठिकाण मात्र बघताच येत नाही. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४मध्ये इंग्रजांनी बळकावला आणि पुढे तिथे तुरुंग केला. आजही तिथे मध्यवर्ती कारागृहच आहे. दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६मध्ये इथूनच निसटले. बाहेरच्या मोतद्दाराने, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्याने, गाण्यातून निरोप पोचवला आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळली नाही, असं सांगतात. इतका रंगतदार किस्सा, पण तो सांगायला उभं कुठे राहायचं? भिंतीकडे बोट दाखवलं की पोलीस बघतो, मोबाइल वर केला की शिट्टी वाजते. किल्ला बघायचा सरळ मार्ग म्हणजे गुन्हा करणं, आणि त्यालाही वकील लागतो.

सुरक्षेसाठी आत सोडत नाहीत, हे समजू शकतं. पण बाहेर, रस्त्याच्या या बाजूला, चार ओळींचा ठसठशीत फलक लावायला काय हरकत आहे? १८५३मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून ज्या गावात आली, त्या गावात स्टेशनबाहेर पडणाऱ्याला डावीकडे काय आणि उजवीकडे काय हे सांगणारा बाण सापडत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स मात्र दोन मजली. त्यावरचे चेहरे पाठ होतात, आळीचं नाव शेवटपर्यंत कळत नाही.

पाय दुखायला लागल्यावर टेंभी नाक्यावर रिक्षा थांबवली. "स्टेशन?" चालकाने मला नखशिखांत न्याहाळलं. "एवढ्याशासाठी रिक्षा? चालत जा की. बूट तर चांगले आहेत."